एकशे बाराव्या कॅमेऱ्याला गंध

आज सकाळी सहाण धुतली आणि चंदनाचं खोड घेऊन उगाळायला बसले. आयुधपूजेचा दिवस. गल्लीच्या तोंडाशी रिक्षावाल्यांनी रिक्षा धुऊन ओळीनं उभ्या केल्यात, काचांवर गंधाचे पट्टे ओढलेत, केळीचे खुंट बांधलेत. समोरच्या शिंपीणबाईनं शिवणयंत्राला जास्वंदीची माळ घातलीय. पूर्वेकडून ढग चढताहेत. तुमच्या महाराष्ट्रातला पाऊस परत जायला निघतो तेव्हा आमचा तंजावरचा यायला निघतो, आणि दिवाळीपासून कार्तिकदीपांपर्यंत घरातलं मीठसुद्धा कोरडं राहत नाही. चार फेरे उगाळले आणि वास वर आला. माझा हात थांबला. तीन वर्षं झाली, चंदनाचा वास आला की हात असा थांबतो.

मी इथल्या एका शाळेत हिंदी शिकवत होते. त्या पुण्याईवर मला नागरी लिहिता येते. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी बोलणारी घरं अजून आहेत, पण वाचणारं माणूस शोधावं लागतं. पुण्याकडचे पाहुणे येतात, राजवाड्यातली जुनी कागदं बघतात आणि आमचं बोलणं ऐकून तोंडाला पदर लावतात. हसोत बापडे. हे, म्हणजे माझे यजमान, त्यांनाही मराठी वाचता येत नाही, म्हणून मी हे निर्धास्तपणे लिहू शकते. आता तर त्यांना काहीच वाचता येत नाही.

यांचा फोटो स्टुडिओ होता. तीस वर्षं या गावातली लग्नं, बारशी, नाचणाऱ्या मुलींचं अरंगेत्रम, साठीशांती यांनी काढली. पापनाशमपासून पट्टुकोट्टैपर्यंत असा एक मंडप नसेल जिथं हे कॅमेरा गळ्यात अडकवून खुर्चीवर चढले नाहीत. माझा मात्र त्यांनी काढलेला एकही धड फोटो नाही. मुहूर्ताच्या दिवसांत वेळ नसायचा, मुहूर्त नसले की रीळ फुकट जायचं. मी म्हणायची, "गावातल्या सगळ्या बायका तुमच्या पेटीत आहेत, मी सोडून." ते म्हणायचे, "तू कुठं पळून चाललीस?"

मग फोन आले आणि प्रत्येकाच्या खिशात स्टुडिओ आला. यांनी स्टुडिओ विकला, वापरातले कॅमेरेही विकले. त्या पैशातून दुसरा कोणी बँकेत ठेव ठेवता. यांनी कॅमेरे घेतले. साधे नव्हेत, मोजके काढलेले. जर्मन कंपनी कसल्याशा वर्धापनदिनाला पाचशेच कॅमेरे करते, प्रत्येकावर नंबर कोरते, हिरवं चामडं लावते, लाकडी पेटीत सर्टिफिकेट घालून देते. जपानी कंपनी सोन्याचा मुलामा देऊन दोनशेच काढते. असे सहा यांनी जमवले, सात वर्षांत, कुठकुठल्या संग्राहकांशी फोनवर बोलून. यांचा सगळ्यात लाडका हिरव्या चामड्याचा, पाचशेपैकी एकशे बारावा.

"वापरायचे कधी?" मी विचारलं.

"वापरायचे नसतात," हे म्हणाले. "पेटीचं सील शाबूत असेल तर भाव चढत जातो. सील तुटलं की एक पायरी खाली. बटण एकदा दाबलं की दुसरी पायरी. चामड्यावर बोटाचा डाग पडला की तिसरी."

"म्हणजे हात न लावण्याचे पैसे."

"हो की. तसंच समज."

मला हसू यायचं आणि रागही यायचा. पेटीवरचा नंबर, कॅमेऱ्यावरचा नंबर आणि कार्डावरचा नंबर, तिन्ही जुळले पाहिजेत. बुडाला चिकटवलेला पातळ प्लास्टिकचा कागदसुद्धा काढायचा नाही. पावसात भिंगाला बुरशी लागते म्हणून मुलानं चेन्नईहून एक विजेचं कपाट पाठवलं, हवा कोरडी ठेवणारं, दारावर काटा असलेलं. सकाळी उठून हे देवाआधी तो काटा बघायचे. माझ्या उडदाच्या डाळीला जाळी धरायची, पापड लुळे पडायचे, त्याचं कोणाला काही नव्हतं. दिवे गेले की मी कपाटात तांदळाच्या पुरचुंड्या ठेवायची, ओल ओढून घ्यायला. शिव्या देत ठेवायची, पण ठेवायची.

कारण ते कपाट म्हणजे आमचं म्हातारपण होतं. पेन्शन माझी, तीही बेताची. मुलाचं चेन्नईतलं घर दोन खोल्यांचं, सून चांगली आहे पण खोल्या दोनच. यांचं एकच म्हणणं, "या गल्लीत जन्मलो, इथंच राहू. कोणाच्या दारात जाऊन बसायचं नाही. हातपाय थकले की एकेक पेटी विकू आणि हाताखाली माणूस ठेवू." सहा पेट्या म्हणजे सहा-आठ वर्षं, असा हिशेब.

थकले ते हातपाय नव्हेत. काचबिंदू होता, आणि तो कळेपर्यंत कडेकडेनं सगळं खाऊन झालं होतं. मदुरैच्या डॉक्टरीणबाईंनी बत्ती मारून पाहिलं आणि सरळ सांगितलं, "गेलेलं परत येत नाही. उरलंय ते थेंब घालून जितकं टिकेल तितकं." मधे एका नळीतून दिसावं तेवढं उरलं होतं. किती दिवस, विचारलं तर त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. परतीच्या बसमध्ये हे खिडकीपाशी बसले होते. सगळीकडे सांबा भाताची लावणी चाललेली, चिखलात वाकलेल्या बायका, पाण्यात उभं आभाळ. हे मान वळवून वळवून एकेक तुकडा बघत होते. मी म्हटलं, "त्यातला एक कॅमेरा काढा बाहेर. दिसतंय तोवर चार फोटो काढा." हे म्हणाले, "आता तर मुळीच नाही. आता ते विकायचेत."

त्या उत्तराचा मला फार राग आला. अजूनही येतो.

आता माझी गोष्ट सांगते. आयुधपूजेला आपलं जे हत्यार, ज्यावर पोट, त्याला गंध-कुंकू लावायचं, त्या दिवशी त्याला काम सांगायचं नाही, दुसऱ्या दिवशी पूजा हलवून मग हातात घ्यायचं. स्टुडिओ होता तेव्हा सगळे कॅमेरे, दिवे, तिकाटण्या मी ओळीनं मांडायची. चुरमुरे, डाळं, गूळ यांचा नैवेद्य. प्रत्येक कॅमेऱ्याच्या कपाळावर मीच गंधाचा ठिपका देऊन वर कुंकू टेकवायची, अगदी भिंगाच्या वर, आणि हे हात जोडून उभे असायचे. तीस वर्षं चुकलं नाही. हे पेटीतले कॅमेरे आले आणि चुकायला लागलं. पेटीला बाहेरून लावते म्हटलं तरी नको. "डाग पडेल. भाव जाईल." सात वर्षं मी त्या कपाटाला नुसता लांबून नमस्कार केला.

आणि मदुरैहून आल्यावर माझ्या डोक्यानं घेतलं की डोळे गेले ते यामुळे. ज्यांनी तीस वर्षं पोसलं त्यांना विकून टाकलं, आणि जे आणले त्यांना कपाटात कोंडून पूजेवाचून ठेवलं. मी शिकलेली बाई आहे. शाळेत पोरांना शकुन-अपशकुन मानू नका म्हणून सांगत आले. पण माणूस घाबरलं की शिकलेलं सगळं बाजूला राहतं, आणि मी घाबरले होते.

तीन वर्षांपूर्वी याच दिवशी, दुपारी डोळ्यांत थेंब घालून हे पडले होते तेव्हा, मी कपाट उघडलं. भाजीच्या सुरीनं सहाही पेट्यांची सीलं कापली. आतून कॅमेरे निघाले तेव्हा खरं सांगते, जीव हरखला. इतकी देखणी वस्तू आमच्या घरात सात वर्षं होती आणि आम्ही तिचं तोंड पाहिलं नव्हतं. देवापुढं मांडले. ओलं गंध लावलं, ठसठशीत, वर कुंकू. एकशे बाराव्याला तर नंबरावरच लावलं, मुद्दाम, म्हणजे कोणासाठी मागतेय ते देवीला कळावं. म्हटलं, "उरलंय तेवढं तरी यांच्याकडे राहू दे." दुसऱ्या दिवशी हे आंघोळीला गेल्यावर पूजा हलवली, ओल्या फडक्यानं कॅमेरे पुसले, जसेच्या तसे पेटीत घातले आणि वर चिकटपट्टी लावली. हे रोज पेट्यांवरून हात फिरवायचे. चिकटपट्टी गुळगुळीत लागायची. त्यांना कळलं नाही.

ओल्या फडक्यानं. आयप्पसीच्या, म्हणजे आमच्या पावसाच्या महिन्याच्या, तोंडावर. पेटीत बंद करून. एवढं माझ्या डोक्यात आलं नाही.

पाऊस त्या वर्षी लागला तो लागलाच. दिवाळीचे फटाके सर्द झाले. अंगणात शेवाळ, जिन्यात गोगलगाई, वाळत घातलेल्या धोतराला कुबट वास. यांची नळी बारीक होत चालली होती. जेवताना पानातली चटणी सापडेना. आधी मी वाटी हातात द्यायची, मग घासही सांगायला लागले, भात इकडे, कूटूची भाजी तिकडे. अशात कोइमतूरचे सेल्वराज आले. जुने संग्राहक, यांची फोनवरची ओळख. सहाही पेट्या एकदम घ्यायला तयार होते. यांनी सकाळीच इस्त्रीचा शर्ट घातला. मला म्हणाले, "कॉफी डिग्री कर, निऱ्या दुधाची." किती दिवसांनी आवाजात जीव होता.

सेल्वराजांनी पांढरे हातमोजे घातले. यांनी तमिळमध्ये सांगितलं, "कंपनीचं सील आहे, बघून घ्या. सात वर्षांत वारासुद्धा लागलेला नाही." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. त्यांनी पेटी फिरवली, चिकटपट्टी पाहिली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि उघडली. हिरव्या चामड्यावर रुपयाएवढा काळपट डाग. कोरलेल्या नंबराच्या खाचांत वाळलेलं चंदन आणि कुंकवाचा लाल. त्यांनी छोटी बत्ती भिंगात मारली. आत पांढरे तंतू पसरले होते, कोळ्याच्या जाळ्यासारखे.

"काय झालं?" यांनी विचारलं.

"सार, कुंकू लागलंय," सेल्वराज म्हणाले. "आयुधपूजेचं. आणि आत बुरशी."

यांनी हात पुढं करून त्या डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हां. मीच लावलं. विसरलो होतो सांगायला."

सेल्वराज भला माणूस. त्यांनी भाव पाडून घेतला नाही, जो उरला होता तोच दिला. वापरलेल्या, डागाळलेल्या कॅमेऱ्याचा. पाच नेले. एकशे बारावा उलटापालटा करून परत ठेवला, म्हणाले, "याचा नंबरच गेला, सार. नंबर गेला की हा पाचशेतला एक नाही, नुसता एक कॅमेरा." आठ वर्षांचं होणार होतं त्याचं सव्वा वर्षाचं झालं.

ते गेल्यावर यांनी एवढंच विचारलं, "कशाला?"

"तुमच्या डोळ्यांसाठी," मी म्हटलं, आणि रडले. यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन दिवस घरात पाऊस आणि ते, दोघंच. पाऊस निदान वाजत तरी होता. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागं एक रीळ असेल. बघ."

होतं. काळं-पांढरं, मुदत कधीच संपलेलं, छत्तीस फोटोंचं. शेवटचं एकच.

पुढचे पंधरा-वीस दिवस आठवले की मला अजून दिवाळी आठवल्यासारखं वाटतं. यांनी रीळ बोटांनी चाचपत भरलं. त्या कॅमेऱ्याला उजेड मोजायचा काटा नव्हता, ते माप यांच्या डोक्यातच. उन्हाला किती, ढगाला किती, खिडकीच्या सावलीला किती, सगळं तोंडपाठ. एका डोळ्याच्या नळीत जेवढी मी मावायची तेवढी मावेपर्यंत मागं सरकायचे. "हनुवटी खाली. पदर नीट कर. हसू नकोस, नुसती बघ." मी सहाणेपाशी. मी जिन्यात. मी दारात रांगोळीला वाकलेली, पाऊस रांगोळी पुसत नेतोय आणि मी पुन्हा काढतेय. चौदावा खिडकीतला, त्या दिवशी तासभर ऊन पडलं होतं आणि यांनी मला लग्नातली जांभळी कोर्नाड नेसायला लावली. साठी उलटलेली बाई मी, लाजले. दिवसाला दोन काढायचे, पुरवून पुरवून. छत्तिसावा काढला तो कार्तिकदीपांच्या संध्याकाळी. पणतीच्या उजेडात मी. बटण दाबून म्हणाले, "पणत्या किती लावल्यास?" माझ्यामागं एकवीस होत्या. त्यांना एकही दिसत नव्हती.

तंजावरात आता रीळ धुणारं कोणी नाही. मी बसनं तिरुच्चीला गेले. तिथल्या लॅबवाल्यानं दोन दिवसांनी बोलावलं आणि पट्टी उजेडासमोर धरली. स्वच्छ, काचेसारखी. "अम्मा, काहीच नाही. रीळ बरोबर फिरलंय, पण उजेड आत गेलाच नाही." कॅमेरा बघायला मागितला. पिशवीतून काढून दिला तर भिंगावर काळं झाकण. सेल्वराजांनी बत्ती मारून परत बसवलेलं, घट्ट.

त्यानं मला समजावलं. यांचे स्टुडिओतले कॅमेरे भिंगातूनच दाखवायचे. झाकण असेल तर अंधार दिसे आणि माणूस काढून टाके. या जातीच्या कॅमेऱ्याला बघायची खिडकी वेगळी असते, भिंग वेगळं. झाकण असलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. यांनी तो सात वर्षं सांभाळला, त्याचा भाव तोंडपाठ होता, पण डोळ्याला कधी लावला नव्हता. आणि मी एरवी घरातल्या प्रत्येक डब्याचं झाकण उघडून बघणारी बाई, मी समोर बसून छत्तीस वेळा त्या झाकणाकडे पाहून हनुवटी खाली केली.

"छत्तीसही छापून द्या," मी म्हटलं.

"काळे येतील, अम्मा."

"येऊ देत. चकचकीत कागदावर द्या."

घरी आले तेव्हा हे दारातच उभे होते. "कसे आलेत?" मी म्हटलं, "छान आलेत." आल्बम त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी पानं मोजली, प्रत्येक फोटोवरून बोट फिरवलं, आणि मी एकेक सांगत गेले. हा जिन्यातला, कठड्याची सावली गुडघ्यावर पडलीय. हा रांगोळीचा, पाण्याचा थेंब पडताना सापडलाय. तीन वर्षं सांगतेय. काय सांगितलं ते विसरायला होतं म्हणून एका वहीत लिहून ठेवलंय, फोटोच्या नंबरासकट. शेजारीपाजारी आले आणि हे आल्बम मागायला लागले की मी चुलीवर दूध असल्यासारखी आत पळते.

सव्वा वर्षाचे पैसे कधीच संपले. माझ्या पेन्शनीवर ओढत आणलं, आता माझे गुडघेही गेले. यांना न्हाणीपर्यंत नेणं जमत नाही. दिवाळी झाली की आम्ही चेन्नईला जाणार. मुलगा टेम्पो घेऊन येईल. ज्या दारात जाऊन बसायचं नव्हतं त्याच दारात. विजेचं कपाट शिंपीणबाईला दिलं, ती त्यात पापड ठेवते.

मघाशी गंध उगाळून झालं तसं यांनी खाटेवरून विचारलं, "कॅमेऱ्याला लावतेस?"

"लावू?"

"लाव की. आता कसला भाव जायचाय." मग म्हणाले, "झाकण काढून लाव."

वाटी माझ्या हातात होती, ती मी खाली ठेवली. "केव्हा कळलं?"

"त्या पणत्यांच्या संध्याकाळीच. रीळ गुंडाळताना बोट लागलं. तोवर दिसायचं संपलं होतं. पुन्हा काढता आले नसते."

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. तू छत्तीस कागद घेऊन आलीस आणि सांगायला लागलीस. कुठं थांबवू?"

कुंकू मीच लावलं म्हणाले होते, ते मला त्या वेळी आठवलं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी आल्बम मागितला, चौदावं पान चाचपून काढलं आणि बोट ठेवलं. "आता खरं सांग. यात काय आहे?"

"काळं."

"पंधराव्यात?"

"काळं."

त्यांनी पुढचं एकही पान सोडलं नाही. सोळा, सतरा, अठरा. ते नंबर म्हणत होते आणि मी काळं म्हणत होते, छत्तीसपर्यंत. बाहेर कोणीतरी रिक्षेपुढं कोहळा फोडला. यांनी आल्बम मिटला आणि माझ्या हातात दिला.

"मग बरोबर आलेत," हे म्हणाले. "मला दिसतं तेच आलंय."

मी उठले, एकशे बाराव्याचं झाकण काढलं आणि नंबरावर गंध लावलं.